खालच्या मळ्याची आंबील

“कुठं लावू अंगठा? तेवढं दाव,” असं म्हणून गयाआत्यानं डावा हात टेबलावर ठेवला. वकिलानं तिचा अंगठा आधीच शाईच्या पॅडवर दाबून घेतला होता. काळाभोर अंगठा हवेत धरून ती कागदाची वाट बघत बसली.

नोंदणी कचेरीसमोर पत्र्याची शेड होती, तिथलं हे टेबल. एका बाजूला वकील आणि सावळगेशेठ, म्हणजे जमीन घेणारे. त्यांना लातूर रस्त्यावर गोदाम बांधायचं होतं आणि आमचा खालचा मळा त्या रस्त्याला लागून होता. दुसऱ्या बाजूला माझा थोरला भाऊ दिगंबर, मी आणि आत्या. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची मोठी बहीण. वडील, आमचे अण्णा, दोन वर्षांपूर्वी वारले होते. सातबारावर आता दादाचं आणि माझं नाव होतं.

मी सही करायलाच आले होते, हे खरं आहे. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते. तालुक्याला खोली होती, नवरा डेअरीवर, मुलगी शाळेत. मळ्याशी माझा संबंध वर्षातून एकदा, येळवशीच्या सणाला. दादा म्हणाला विकू या, मी म्हटलं विक. एकच विचारलं होतं, आत्या कुठं राहील?

“माझ्या घरामागं खोली हाय की,” तो म्हणाला होता. “पत्रे बदलून देतो.”

त्या खोलीत त्याची बंद पडलेली मोटारसायकल आणि सिमेंटची रिकामी पोती होती. मी ऐकून घेतलं. आत्यानंही ऐकून घेतलं. मळ्यात बैलांच्या कोठ्याला लागून असलेल्या खोलीत तिचा सगळा जन्म गेला होता.

मी पेन उघडलं. समोर दोन कागद होते, एक माझा, एक आत्याचा. दिवसभर लोकांचे पास तपासणाऱ्या बाईला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. मी आत्याचा वाचला. ‘सदर जमिनीवर माझा कोणताही हक्क नाही व पूर्वीही नव्हता.’

“आत्याचं नाव सातबारावर नाही ना?” मी विचारलं.

“न्हाई,” दादा म्हणाला.

“मग जिचं नाव नाही तिचा अंगठा कशाला?”

दादानं वकिलाकडं बघितलं. वकिलानं चष्मा पुसला.

“नुसती खबरदारी हो ताई. जुन्या रेकॉर्डला बाईंचं नाव एका ठिकाणी दिसतंय. पुढं कुणी नड काढू नये म्हणून.”

“कुठल्या ठिकाणी?”

“कौशे, सही कर की! काय बगूलालीस?” दादाचा आवाज एकदम चढला. “शेठ सकाळधरनं बसलेत.”

शेठ खरोखरच सकाळपासून बसले होते आणि बिचाऱ्यांनी सगळ्यांना चहाही पाजला होता. पण दादाचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बसमध्ये ज्याच्याकडं तिकीट नसतं तो असाच आधी अंगावर येतो. माझं डोकं तिथंच फिरलं. मी पेनाला टोपण लावलं.

“ते नाव कुठं आहे ते बघते. मग सही.”

“बगा! हिला आता वकिली करायची!” दादा शेठकडं वळून हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

“कर की गं बाय सही,” आत्या मला म्हणाली. “माणसं खोळंबूलाली. मला बी घरी जाऊन वैरण टाकायचीय.”

मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि स्टँडवर नेलं. सगळ्या वाटेनं ती अंगठा लुगड्यापासून लांब धरून चालत होती. बसमध्ये बसल्यावर तिनं विचारलं, “आता पुसू का हे?” मी रुमाल दिला. शाई निघाली नाही.

गयाआत्याचं लग्न लहानपणीच झालं होतं. दोनेक वर्षं नांदली असेल, तोवर नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला आणून आमच्या वेशीत सोडली. त्यानंतर ती सासरी गेली नाही. खालचा मळा तिनंच केला. पेरायची ती, पाणी द्यायची ती, पाखरं राखायची ती. माल अडतीला घालायचे अण्णा आणि व्यवहार बघायचे अण्णा. आणि दर येळवशीला अण्णा तिला इरकली लुगडं आणि खण द्यायचे, कासाराला बोलावून बांगड्या भरायचे. अण्णा तिच्यापेक्षा धाकटे, तिनं कडेवर खेळवलेले. तरी लुगडं हातात पडलं की आत्या वाकून त्यांच्या पाया पडायची. मग सगळ्यांना सांगत सुटायची, “माज्या माधवनं मला कधी चोळीबांगडीला कमी पडू दिलं न्हाई.”

आमच्याकडची येळवस सगळ्यांना माहीत असेल असं नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात. जेवायला पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील. जेवायच्या आधी शेताचा मालक आंबिलीचं मडकं घेऊन सगळ्या शेताला फेरा घालतो आणि ओरडत ओरडत पिकावर आंबील शिंपडतो. आमच्या वरच्या रानात हे अण्णा करायचे. खालच्या मळ्यात मात्र आंबील आत्या शिंपायची. बाईमाणूस शिंपतंय म्हणून बाहेरचे लोक हसायचे. आजोबांनी घालून दिलेली रीत आहे एवढंच आम्हाला ठाऊक. का घालून दिली ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी रजा टाकली आणि कचेरीच्या रेकॉर्ड रूमला खेटे घालायला लागले. काम तसं अवघड नाही, चिवटपणाचं आहे. जमिनीवरचं नाव बदललं की त्याचा फेरफार होतो, आणि त्या फेरफाराचा नंबर सातबारावर गोलात लिहिलेला असतो. तो नंबर धरायचा, ते पान काढायचं. त्या पानावर त्याच्याही मागचा नंबर असतो. तो धरून आणखी मागं जायचं. अण्णांच्या मृत्यूनंतर आमची नावं लागली तो फेरफार सापडला. त्याच्या मागं आजोबांच्या मृत्यूनंतरचा. आणि त्याच्याही मागं चोपन्न सालचं खासरा पत्रक, म्हणजे कोणतं शेत कुणाच्या ताब्यात याची जुनी नोंद, पिवळं पडलेलं, कडांना वाळवी लागलेलं. रेकॉर्डच्या माणसानं ते दोन्ही हातांवर तोलून माझ्यापुढं ठेवलं आणि सर्व्हे नंबरावर बोट ठेवलं.

‘गयाबाई ज्ञानोबा. बापाने चोळीबांगडीकरिता दिले. कब्जा स्वतः.’

खालचा मळा आत्याचा होता. आमच्या भागात टाकून दिलेली लेक परत आली की बाप तिला एक तुकडा तोडून द्यायचा. त्यावर तिची चोळीबांगडी भागावी, भावजयीपुढं हात पसरायला लागू नये म्हणून. आजोबांनी विहिरीसकट चांगला तुकडा दिला होता आणि तो कागदावर चढवलाही होता. म्हणून तर आंबील ती शिंपायची. मालकानं शिंपायची असते, ती मालकीण होती.

मग ते नाव गेलं कुठं? मी मधला फेरफार पुन्हा उघडला. आजोबा वारल्यानंतरचा. मघाशी मी फक्त नावं बघितली होती, आता मजकूर वाचला.

‘गयाबाई ही सासरी नांदण्यास गेली असून तिला चोळीबांगडीची जरुरी राहिली नाही. सबब तिचे नाव कमी करून अर्जदाराचे नाव दाखल केले.’

अर्जदार, माधव ज्ञानोबा. खाली सही. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच, तिरकी, खाली दोन रेघा ओढलेली.

ज्या साली हे लिहिलं त्या साली माझा जन्म झाला. आईचं ते बाळंतपण त्याच मळ्यात, त्याच खोलीत, आत्याच्याच हातून झालं. आई ते नेहमी सांगायची. बाई तिथं बसून त्यांच्या लेकराची नाळ कापत होती आणि हे कचेरीत सांगून आले होते की ती सासरी नांदायला गेली!

मला रडू आलं नाही. मला राग आला. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो फोटोत जाऊन बसला होता. हे माझे अण्णा. मी कंडक्टर झाले तेव्हा गाव हसलं होतं. अण्णा पारावर जाऊन म्हणाले होते, माझी लेक कष्टाचं खाते, ज्याला हसायचंय त्यानं माझ्यासमोर हसावं. त्या माणसाची ही सही होती.

नक्कल घेऊन मी सरळ वकिलाकडं गेले. त्याला खासऱ्याची ओळ दाखवली.

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणून तर अंगठा मागितला ताई,” तो म्हणाला. “पोटगीसाठी असं दिलेलं शेत छप्पन सालच्या वारसा कायद्यानंतर बाईच्या पूर्ण मालकीचं होतं. नंतर नाव कमी केलं तरी मालकी जात नाही. उद्या कुणी कोर्टात गेलं तर शेठचं गोदाम अडकेल.”

“आणि हे तुम्ही तिला सांगितलं नाही.”

“बाई माझ्या अशील नाहीत.”

किती शांतपणे म्हणाला! त्याची शाईची बाटली उचलून त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावी असं मला वाटलं. ओतली नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

दादाच्या घरी गेले तर तो जेवत होता. समोरच्या भिंतीवर चंदनी हार घातलेला अण्णांचा फोटो. मी दारातूनच सुरुवात केली.

“तुला ठाऊक होतं का नाही, तेवढं सांग.”

“वकिलानं शोध काढला तवा कळलं,” दादा म्हणाला. त्यानं घास खाली ठेवला नाही. “अण्णांनी केलंय ते. आता मेलेल्या माणसाचं कशाला उकरूलालीस?”

“मेलेल्या माणसाचं? ती बाई जिवंत आहे! मळ्यात बसलीय, अंगठ्याला शाई लावून!”

“वरडू नको. शेजारपाजार हाय. आत्याला काय कमी पडलं ते सांग. वर्साला लुगडं, दोन येळचं खाणं...”

“तिच्याच शेतातलं! तिच्याच शेतातलं लुगडं तिला भीक घातल्यासारखं द्यायचं आणि वर पाया पाडून घ्यायचं!”

“अन् तू?” दादानं ताट सारलं. आता त्यालाही चढली होती. “तू कशावर शिकलीस? तुज्या बोर्डिंगचे पैसे कुठून आले? त्याच विहिरीवरच्या उसातून. तवा इचारलीस का, हा ऊस कुणाचा?”

ते मला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

“नव्हतं माहीत तेव्हा,” मी म्हटलं. “आता आहे. तुला आणि मला दोघांनाही आहे. आता बोल.”

वहिनीनं आतून येऊन पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच म्हणाली, “येळवशीपर्यंत थांबा. सण तोंडावर हाय.” दादा म्हणाला, येळवशीलाच शेठना जेवायला बोलावलंय, आत्याचा अंगठा तिथंच घेऊ, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. मला माहीत होतं, नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी अख्खी बस डोक्यावर घेतली. सुट्ट्या पैशांवरून एका म्हाताऱ्याला इतकं बोलले की ड्रायव्हरनं वळून बघितलं. मळ्याच्या थांब्यावर घंटी मारली, पुढच्या फेरीला घ्या मला, म्हणून ड्रायव्हरला सांगितलं आणि उतरले. असं करता येत नाही. मी केलं.

आत्या भाकरी थापत होती. शाई अजून तिच्या नखाच्या कडेला होती. मी चुलीपाशी बसले आणि तिला सगळं सांगितलं. आजोबांनी मळा तिच्या नावावर केला होता, तो अण्णांनी आपल्या नावावर करून घेतला. ती परातीतल्या पिठाकडं बघत ऐकत होती. शेवटी तिनं तोंड उघडलं ते माझ्यावरच.

“लाज वाटत न्हाई? बापाला चोर मनलालीस? ज्यानं तुला हाताचा पाळणा करून वाढवलं?”

“मी नाही म्हणत. कागद म्हणतो.”

“कागद खोटा आसंल.”

मी नक्कल काढून वाचली. ‘सासरी नांदण्यास गेली असून’ ऐकल्यावर तिनं हात थांबवला.

“कोण?”

“तू.”

“कुण्या सासरी?”

तिनं पिठाचे हात झटकले आणि कागद मागितला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. तिचं बोट कागदावरून खाली खाली सरकत गेलं आणि सहीपाशी थांबलं. त्या दोन रेघांवर.

“ह्या माधवच्या रेगा हायेत,” ती म्हणाली. “साळंत घातलं तवा चुलीतल्या कोळशानं ह्या भितीवर नाव काडायचा. खाली दोन रेगा वडायचा. मीच पुसायची सारवताना. मी डबा घिऊन जायची त्याचा.”

चुलीवरची भाकरी करपायला लागली. मी उलथायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

“ते लुगडं कुठनं आणायचा मग?”

“ह्याच मळ्यातून, आत्या.”

“अन् मी त्याच्या पाया पडायची.”

“हो.”

“मी थोरली आसून.”

भाकरी जळून काळी झाली. ती तशीच काढून तिनं बाहेर कुत्र्यापुढं टाकली, परत येऊन बसली आणि दुसरा गोळा हातात घेतला. मी वाट बघत राहिले. शिव्या देईल, रडेल, ऊर बडवून घेईल. मला ते हवं होतं. माझ्या रागाला जोड हवी होती.

“जा तू,” ती म्हणाली. “येळवशीला ये. भज्जीला हरबऱ्याची कवळी भाजी आन, हितली निबर झाली.”

एवढंच! मी रस्त्यावर येऊन उभी राहिले तेव्हा मला तिचाही राग आला होता. इतकी वर्षं लुबाडली तरी हिला भज्जीचीच काळजी. ही अंगठा देणार, आणि मी कोण मधे बोलणारी, असं मनात म्हणत मी बसला हात केला.

येळवशीला ज्वारी छातीला लागत होती. कोपी पहाटेच घालून झाली होती. दादा, वहिनी आणि त्यांची मुलं टोपल्या घेऊन आली. सावळगेशेठ पांढरी टोपी घालून आले. येळवशीला कुणी कुणाच्याही शेतात जेवतो, त्यामुळं त्यांना संकोच नव्हता. दादाच्या हातात पिशवी होती. त्यात नवं इरकली लुगडं होतं, आणि लुगड्याच्या घडीत खोचलेला कागद आणि शाईचा पॅड मला दिसला.

आत्या जुनंच लुगडं नेसली होती, फाटलं तिथं जोडून दंड घातलेलं. तिनं पांडवांची पूजा केली, आंबिलीचं मडकं उचललं. दादा पुढं झाला.

“आत्या, दमशील. आण, ह्या वर्सी मी शिंपतो.”

अण्णांनी नाव काढून घेतलं, पण हे मडकं काढून घ्यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. दादाची झाली. आत्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि मडकं डोक्यावर घेऊन चालायला लागली. ज्वारीवर म्हातारीचं डोकं आणि मडकं तेवढं दिसत होतं. ओरडणं ऐकू येत होतं, “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” दर वर्षी ती बांधाच्या आतून फिरायची. त्या दिवशी अगदी बांधाच्या कडेनं गेली, एक कोपरा सोडला नाही. आम्ही सगळे कोपीपाशी भुकेले ताटकळत उभे.

ती घामाघूम होऊन परत आली. दादानं लगेच लुगडं तिच्या हातावर ठेवलं.

“घे आत्या. अण्णांची रीत मी मोडली न्हाई.”

सगळे थांबले. आता आत्या वाकायची, हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. आत्या वाकली नाही. लुगडं काखेत मारून ती उभी राहिली.

“आता पाया पड,” ती म्हणाली.

“कोण?”

“तू. लई वर्सं मी पडले. माज्याच मळ्याचं लुगडं घिऊन धाकट्या भावाच्या पाया पडले. तुजा बाप तर गेला. तू पड.”

दादा हसला. मग त्यानं आजूबाजूला बघितलं. शेठ बघत होते, पोरं बघत होती, शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन थांबली होती. त्यानं काय हिशेब केला ते मला दिसलं. वाकायला काय जातंय, वाकलो की अंगठा मिळतोय. तो वाकला. आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“सुखी ऱ्हा.”

“आता हे एवढं उरकून टाकू,” दादानं उठता उठता कागद काढला आणि पॅडचं झाकण उघडून तिच्यापुढं धरलं.

आत्यानं स्वतःचा अंगठा डोळ्यांपाशी नेऊन बघितला.

“मागली शाई आत्ता कुठं निगाली,” ती म्हणाली आणि झाकण खटकन लावलं. “दिगू, कचेरीतल्या कागदात बाई सासरी नांदायला गेलीय मनं. ती मी न्हवं. मी कुठं गेलेच न्हाई, हितंच हाय. जी गेली तिला हुडक, अन् तिचा घे अंगठा.”

दादाचं तोंड काळंनिळं झालं.

“आत्या, शेठसमोर...”

“शेठ बसा. तुमी बी बसा सगळे,” आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पलीकडच्या बांधापर्यंत गेला असेल. “जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाई. माज्या शेतात आलेले पाव्हणे हाव तुमी.”

पहिल्यांदा सावळगेशेठ बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “वाढा आई.” दादा बसला नाही. पिशवी तिथंच टाकून तो बांधावरून रस्त्याला लागला, वहिनी पोरांना ओढत त्याच्या मागं. त्यानंतर आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही.

मी दात-ओठ खाऊन तयारीनं आले होते. कचेरीपासून साठवलेलं सगळं त्याला ऐकवायचं होतं. त्यातलं एकही वाक्य मला वापरावं लागलं नाही. मी मुकाट्यानं भज्जी वाढायला घेतली.

जेवणं झाली, शेठ गेले. आत्यानं काखेतलं लुगडं काढून घडी मोडली, काठ बोटांत धरून बघितला.

“कापड चांगलं हाय,” ती म्हणाली आणि उठली.

मला वाटलं खोलीत ठेवायला चालली. ती ज्वारीत शिरली. मधोमध जुन्या सदऱ्यातलं बुजगावणं उभं होतं. तिनं त्याचा सदरा उतरवला आणि ते नवंकोरं इरकली लुगडं त्याला नीट नेसवलं, निऱ्या घातल्या, पदर काढला. मी ओरडले, “अगं आत्या, नवं आहे ते!”

“आसू दे,” ती तिथूनच म्हणाली. “आजवर लुगडं नेसून मी राखण केली. आता हिला करू दे.”

सातबारावर तिचं नाव परत चढायला वर्षं गेली, त्या खेट्यांची गोष्ट वेगळी आहे. पण ते लुगडं सुगी होईपर्यंत तिथंच होतं, आणि माझी बस रोज त्या रस्त्यानं जायची. खिडकीपाशी बसलेलं कुणीतरी हमखास विचारायचं, “काय हो बाई, बुजगावण्याला नवं लुगडं! कुणाचं शेत हे?”

मी तिकीट फाडता फाडता, शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगायची, “गयाबाई ज्ञानोबा यांचं.”